मुंबईत नव्याने आलात? मुलासाठी मोफत बालवाडी कशी निवडावी

मार्च-एप्रिल आला की आमच्या गल्लीत एकच विषय असतो. कुणाच्या मुलाला कुठे घातलं, फी किती, डोनेशन किती. गावाहून नुकतंच आलेलं कुटुंब हे ऐकून धास्तावतं. खोलीचं डिपॉझिट, भाडं, लोकलचा पास आणि वर तीन वर्षांच्या पोराची फी! मग घाईघाईत कोपऱ्यावरच्या एखाद्या नर्सरीची पावती फाडली जाते, गणपतीपर्यंत हप्ते थकतात आणि मूल घरी बसतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की दर वर्षी कुणी ना कुणी आई दारात आली, की आधी तिला चहा देते आणि मग हेच सगळं सांगत बसते.

मी स्वतः अंबाजोगाईहून मानखुर्दला आले तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती. ती अंगणवाडीत वाढली. त्यानंतर शेजारच्या आयांबरोबर मी बऱ्याच अंगणवाड्या-बालवाड्या बघितल्या. त्यातून जे उमगलं ते इथे क्रमाने देते आहे.

पहिली पायरी: कुठलं दार कशाचं, ते ओळखा

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी फी न घेणारी तीन ठिकाणं मुंबईत सापडतात. लोक तिन्हींना सरसकट ‘बालवाडी’ म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

अंगणवाडी चालवतो राज्याचा महिला व बालविकास विभाग. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली, अंगणवाडी हे तिचं वस्तीतलं ठिकाण. इथे शिकणं आहे, पण त्याच्या जोडीला आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं आणि आयांशी पोषण-आरोग्याबद्दल बोलणंही आहे. एकूण सहा सेवा. म्हणून तिला नुसती शाळा समजू नका.

दुसरी, महानगरपालिकेची बालवाडी. ही बहुधा पालिका शाळेच्या इमारतीतच असते आणि चालवायला अनेकदा एखादी स्वयंसेवी संस्था असते. तिसरं दार म्हणजे पालिकेची ‘मुंबई पब्लिक स्कूल’. त्यातल्या काही शाळा सीबीएसई मंडळाच्या आहेत आणि तिथे नर्सरीपासून प्रवेश मिळतो. त्यांना मागणी फार. अर्ज भरायच्या तारखा ठरलेल्या असतात, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत निघते. तारीख चुकली की वर्ष गेलं. अंगणवाडीचं तसं नाही. तिथे वर्षभर कधीही नाव घालता येतं. ऐन ऑक्टोबरात गाव सोडून आलात तरी.

माझं म्हणणं विचाराल तर, सोडतीचा अर्ज जरूर भरा, पण निकालाची वाट बघत मुलाला घरी बसवू नका. त्याच आठवड्यात जवळच्या अंगणवाडीत नाव घाला.

दुसरी पायरी: वयाचा हिशेब

शाळेच्या नर्सरीसाठी महाराष्ट्रात ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. ज्या वर्षी जूनमध्ये प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाला तीन वर्षं पूर्ण हवीत. पहिलीसाठी याच तारखेला सहा वर्षं. म्हणजे जून २०२६ च्या नर्सरीसाठी मूल ३१ डिसेंबर २०२३ ला किंवा त्याआधी जन्मलेलं हवं.

आता यातली मेख बघा. नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेलं मूल नियमात बसतं, पण जूनमध्ये ते जेमतेम अडीच वर्षांचं असतं. त्याला धड ‘शू आली’ म्हणता येत नसतं. नियमात बसतंय म्हणून त्याला तीस-चाळीस मुलांच्या वर्गात ढकलायची घाई मी तरी करणार नाही. अशा मुलांना वर्षभर घराजवळची अंगणवाडी बरी. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचं नावही तिथे नोंदवता येतं. त्या वयात वर्गात बसायचं नसतं, पण घरी न्यायचा आहार मिळतो, वजन होतं आणि ताईंची, म्हणजे अंगणवाडी सेविकेची, ओळख होते. तीन वर्षं पूर्ण झाली की मूल ओळखीच्या माणसाकडे जातं, रडारड निम्मी होते.

तिसरी पायरी: शोधायची कशी

मुंबईतल्या अंगणवाडीला स्वतःची इमारत क्वचितच असते. समाजमंदिरात, मंडळाच्या खोलीत, कुणाच्या तरी भाड्याच्या पोटमाळ्याखाली ती भरते. बाहेर अंगणवाडी क्रमांक लिहिलेला छोटासा फलक असतो, तोही कपडे वाळत घातले की झाकून जातो. मोबाइलच्या नकाशावर शोधण्यापेक्षा पाण्याच्या नळावर विचारा. पालिकेच्या आरोग्य केंद्रात पोलिओचा डोस पाजायला गेलात की तिथल्या आरोग्यसेविकेला विचारा, ती नेमकी गल्ली सांगेल. आणि कुणी बाई वही घेऊन घरोघर सर्वे करत आली तर ‘आम्हाला नको काही’ म्हणून दार लावू नका. ती बहुतेक तुमच्याच भागाची अंगणवाडी सेविका असते.

चारशे ते आठशे लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असा नियम आहे. दाट वस्तीत त्यामुळे पाच-सात मिनिटांच्या चालण्यात दोन-तीन अंगणवाड्या सापडू शकतात. तुमचं घर एका ताईंच्या सर्वेक्षणात येतं, तिथेच नाव घालायला सांगतील. शेजारची जास्त आवडली तर दोघींशी मोकळेपणाने बोला, बऱ्याचदा मार्ग निघतो. पुनर्वसनाच्या उंच इमारतींमध्ये मात्र अंगणवाडी जुन्या वस्तीतच राहिलेली आणि घरं दुसरीकडे गेलेली, असं होतं. तिथे चालायचं अंतर आधी मोजा. तीन वर्षांच्या पायाने मोजा, आपल्या नव्हे. मधे मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, पावसात नाला भरतो का, हे जुलैतल्या डोक्याने बघायला हवं.

चौथी पायरी: तासभर तिथे बसा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. नाव घालायच्या आधी सकाळी जाऊन म्हणा, “ताई, मुलीला घालायचंय, थोडा वेळ बसू का?” चांगल्या ठिकाणी नाही म्हणत नाहीत. खाऊ वाटायच्या वेळेला जाऊ नका, तेव्हा सगळीकडेच गर्दी आणि गलका असतो. मूल बरोबर न्या. एकदा बसून समाधान झालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पहिल्या दिवशी पाहुणे आले म्हणून बाराखडी म्हणवून घेतली जाते.

बघायचं काय? भिंतीवरची चित्रं नंतर बघा. आधी ताई कुठे बसल्यात ते बघा. खुर्चीवर, की सतरंजीवर मुलांत? एखादं मूल रडायला लागलं की काय होतं? “गप्प बस” असा आवाज येतो, की कुणीतरी त्याला जवळ घेतं? मुलांची नावं ताईंना पाठ आहेत का? मी एकदा एका मैत्रिणीबरोबर गेले होते. खोली अगदी चकचकीत, खेळण्यांचं कपाट भरलेलं, पण कपाटाला कुलूप. मोडतील म्हणून खेळणी काढतच नव्हते. मुलं हाताची घडी घालून भिंतीला टेकून बसलेली. दोन गल्ल्या पलीकडे दुसरी अंगणवाडी होती, पत्र्याची, पंखा एकच. तिथे ताईंनी बाटल्यांची झाकणं, चिंचोके, जुन्या साड्यांचे काठ, शंख-शिंपले टोपल्यांत भरून जमिनीवरच ठेवलेले. एक मुलगा झाकणं लाल-निळी वेगळी करत होता, दोघी साडीच्या काठाचं दुकान मांडून भांडत होत्या, आणि ताई त्यांच्या भांडणात गिऱ्हाईक होऊन शिरल्या. मैत्रिणीने तिथल्या तिथे नाव घातलं. वर्गीकरण, मोजणं, बोलणं हे सगळं त्या झाकणांत आणि त्या भांडणात होतं.

मुलं किती आहेत तेही मोजा. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाबरोबर जी मानकं आली, त्यांत तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीस मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली सांगितली आहे. ३५ चौरस मीटर म्हणजे पावणेचारशे चौरस फूट. आमच्याकडची दहा बाय बाराची खोली होते एकशे वीस चौरस फुटांची. तेव्हा मुंबईत हे मानक शब्दशः पाळलेलं शोधायला गेलात तर शोधतच राहाल. त्याऐवजी एवढं विचारा: खोलीत सगळी मुलं एकदम असतात की गट पाडतात? नाच-गाण्याला बाहेर नेतात का? मदतनीस ताई रोज येतात का? सेविका आणि मदतनीस दोघी हजर असतील तर लहान खोलीही चालून जाते. एकटी बाई पंचवीस मुलं आणि रजिस्टर सांभाळत असेल तर मोठी खोलीही पुरत नाही.

संडास आणि पिण्याचं पाणी स्वतः बघून या. विचारू नका, बघा. भाड्याच्या खोलीत बरेचदा संडास नसतो आणि मुलांना सार्वजनिक शौचालयात न्यावं लागतं. मग कोण नेतं, एकट्याला पाठवतात का, हे स्पष्ट विचारायला लाजू नका. तीन वर्षांचं मूल एकटं पाठवत असतील तर बाकी सगळं उत्तम असलं तरी मी तिथे नाव घालणार नाही.

पाचवी पायरी: ताटात काय येतं

अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम शिजवलेलं जेवण मिळायला हवं, असं लिहून ठेवलंय. (२०१३ च्या मूळ कायद्यात दोन्ही मिळून ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असे आकडे होते, ते पुढे बदलले.) हे उपकार नव्हेत, हक्क आहे. शहरात हे जेवण बहुधा महिला बचत गट शिजवून डब्यांतून पोचवतो. खिचडी, उसळ, लापशी, उपमा असे पदार्थ ठरलेल्या वारी असतात. पाककृतीचा तक्ता कुठे लावलाय ते विचारा. एक घास स्वतः खाऊन बघा. खिचडीत डाळ दिसते का, उसळ पातळ पाणी आहे का, डबा किती वाजता येतो हे दोन दिवसांत कळतं. मुलाला शेंगदाणे किंवा दूध चालत नसेल तर पहिल्याच दिवशी सांगा आणि वहीत लिहून घ्यायला लावा.

वजनाकडे मात्र आपण आयाच दुर्लक्ष करतो. दर महिन्याला वजन-उंची होते आणि ती माता व बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात भरता येते. हिरव्या पट्ट्यात असेल तर ठीक, पिवळ्यात गेलं तर लक्ष द्या, त्याखाली गेलं तर ताईंबरोबर आरोग्य केंद्रात जा. अंदाज म्हणून सांगते: तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलीचं वजन १०.८ किलोच्या खाली किंवा मुलाचं ११.३ किलोच्या खाली असेल तर ते वयाच्या मानाने कमी धरतात. ‘आमच्याकडे सगळे बारीकच’ असं म्हणून सोडून देऊ नका. महिन्याच्या महिन्याला आकडा विचारून घरी कॅलेंडरवर लिहीत जा. सलग दोन महिने वाढलं नाही तर कार्ड घेऊन ताईंकडे जा.

सहावी पायरी: इंग्रजीचं काय?

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, बाबा तर आधी विचारतात. “अंगणवाडीत ए फॉर अॅपल शिकवत नाहीत हो.” काही ठिकाणी शिकवतातही, पण त्यावरून निवड करू नका. तीन-चार वर्षांच्या मुलाला आधी भरपूर बोलायला हवं. आई ज्या भाषेत ओरडते, आजी ज्या भाषेत गोष्ट सांगते, त्या भाषेत. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही हेच सांगतं आणि तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा धरतं. चार वर्षांच्या बोटांना अजून पेन्सिल नीट धरता येत नाही. त्यांना कणीक मळू द्या, मणी ओवू द्या, रेती उपसू द्या. पानभर एबीसीडी घोटून घेणारी जागा मला धडकी भरवते.

घरी मराठी नसेल, शेजारी हिंदी किंवा तेलुगू बोलणारे असतील, तर ताई मुलाच्या भाषेतले चार शब्द वापरतात का, हे मात्र बघा. आमच्या ताई ‘पानी’, ‘नीळ्ळू’, ‘पाणी’ तिन्ही म्हणायच्या. माझी मुलगी तेलुगूत पाणी मागायला तिथेच शिकली.

सातवी पायरी: कागदपत्रं

मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, आईचं आणि असेल तर मुलाचं आधार, राहत्या जागेचा पत्ता, चालू मोबाइल नंबर. एवढं पुरतं. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पिवळं-केशरी रेशनकार्ड लागत नाही, महाराष्ट्रातलं जन्मगाव लागत नाही. भाडेकरार नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर तिथून निघू नका. खोलीमालकाचं नाव आणि गल्ली सांगा. ताईंना घर माहीत असतंच.

गावी आधीच अंगणवाडीत नाव असेल तर निघायच्या आधी तिथल्या ताईंना सांगून या. आता नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या अॅपमध्ये असतात आणि एका अंगणवाडीतून दुसरीकडे नाव हलवता येतं. जुन्या ठिकाणी नाव तसंच राहिलं तर इथे नोंद करताना अडतं, आणि मग दोन्ही ताई फोनवर फोन करत बसतात. लसीचं कार्ड मात्र ट्रंकेत टाकून विसरू नका, पाच वर्षांचा डीपीटीचा डोस बहुतेकांचा त्यामुळेच चुकतो.

आठवी पायरी: पहिले पंधरा दिवस

मूल रडणार. पहिल्या दिवशी अर्धा तास बसवा, दुसऱ्या दिवशी तास, आठवड्याने पूर्ण वेळ. गुपचूप निघून जाऊ नका. ‘आई भाजी घेऊन येते’ असं सांगा आणि खरंच या. न्यायला कोण येणार ते ठरवून ताईंना दोघांची नावं आणि नंबर द्या. बाकी कुणाच्याही हाती मूल द्यायचं नाही, असं ताईंशी स्पष्ट ठरवा.

नोकरी करणाऱ्या आयांची खरी अडचण वेगळीच आहे. अंगणवाडी तीन-चार तासांची, कामाचे तास आठ-दहा. उरलेल्या वेळेचं काय? आमच्या गल्लीत तिघींनी मिळून एका आजींकडे दुपारची सोय केली आणि आळीपाळीने त्यांना पैसे व जेवण दिलं. बांधकामावर काम करणाऱ्यांनी साइटवर पाळणाघर आहे का, हे मुकादमाला विचारावं. मोबाइल क्रेशेस ही संस्था १९६९ साली दिल्लीत अशाच मुलांसाठी सुरू झाली आणि मुंबईतही बांधकामांच्या जागी तसं काम चालतं.

आणि ताईंबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. सेविकेला पगार नसतो, मानधन असतं. वर्गाशिवाय सर्वेक्षण, अॅपमध्ये नोंदी, लसीकरणाचे दिवस, गरोदर बायकांच्या भेटी हे सगळं तीच करते. डिसेंबर २०२३ मध्ये मानधनवाढीसाठी राज्यभर संप झाला, तो पुढच्या वर्षातही चालला. मुलं घरी बसली म्हणून तेव्हा आमच्याकडे बऱ्याच जणी ताईंवर चिडल्या. मी नाही चिडले. त्यांच्या हातात माझी मुलगी होती. महिन्यातून एकदा पालकांची सभा असते, तिला जा. जुनी झाकणं, रंगीत कागद, न बसणारे कपडे नेऊन द्या. आईची पावलं रोज दिसली की मुलाकडेही लक्ष राहतं.

तक्रार असेल तर?

आधी ताईंशी बोला. फरक पडला नाही तर मुख्यसेविका, म्हणजे पर्यवेक्षिका, आणि तिच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी. दोघींची नावं आणि कार्यालय कुठे आहे, हे अंगणवाडीतच विचारून घ्या. पालिकेच्या बालवाडीसाठी आधी शाळेचे मुख्याध्यापक, मग तुमच्या विभाग कार्यालयातला शिक्षण विभाग. तक्रार लेखी द्या, तारीख घाला, एक प्रत शिक्का मारून परत घ्या. आहाराचा डबा आठवडाभर आला नाही, अशी नेमकी ओळ लिहा. ‘इथे काहीच बरोबर नाही’ असं लिहिलेला कागद फायलीत पडून राहतो.

‘अंगणवाडी’ हा शब्द कुठून आला, ते फार थोड्यांना माहीत असतं. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला बालवाडी चालवत होत्या. वस्तीतली गरीब मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेऊन भरवली. तुमच्या दारापासून पाच मिनिटांवर सतरंजी अंथरलेली असते, ती तिथूनच आली आहे.

शेवटची पायरी: पहिलीत जाताना

सहा वर्षं झाली की पालिकेच्या शाळेत पहिलीचा प्रवेश सरळ मिळतो. खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरायचा असेल तर जानेवारीपासूनच तारखांवर लक्ष ठेवा. आधी महागड्या नर्सरीत असल्याने त्या सोडतीत काही फायदा होत नाही, हे ध्यानात असू द्या.

ज्यांच्या मुलांचा जन्म घरी झाला आणि दाखला काढायचा राहून गेला, त्यांच्यासाठी आणखी एक. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत जन्मदाखला नसेल तर अंगणवाडीची नोंद वयाचा पुरावा म्हणून चालते. म्हणून नाव घालताना ताईंच्या रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, वडिलांचं-आईचं नाव आणि जन्मतारीख शुद्धलेखनासकट बरोबर लिहिली गेली आहे ना, हे त्याच दिवशी समोर उभं राहून वाचून घ्या.